रिकाम्या हाडाची हाक

“ताई, ऐका ना, पोट जरा सैल सोडा,” नर्स म्हणाली, आणि मोठीचं पोट उलट अधिकच आवळलं. सुईला ती भ्याली नव्हती. हा सगळा आठवडा रोज सकाळी दंडात सुई घेत होती, पाठीची नि मांड्यांची हाडं कुणी आतून पहारीने उकरावीत तशी ठणकत होती, आणि त्याबद्दल तिने चकार शब्द काढला नव्हता. पोट आवळलं ते पहिल्या दोन-तीन शब्दांनी. ताई, ऐक ना. असं म्हणून बोलायला सुरुवात करणारं माणूस तिच्या आयुष्यात एकच होतं. ते याच इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर काचेच्या दोन दारांआड झोपलेलं होतं, आणि आई गेल्यापासून त्याने मोठीशी बोलणंच टाकलं होतं. नर्सला यातलं काय ठाऊक असणार? तिने आपली बेंबीच्या बाजूची कातडी चिमटीत धरली, सुई टोचली, आणि पेशंटचं लक्ष दुसरीकडे वळवायची तिची नेहमीची रीत असावी, तशी बोलत सुटली. “सकाळच्या सुयांनी रक्त बनवणाऱ्या पेशी हव्या तेवढ्या बाहेर आल्या नाहीत तुमच्या. वय झालं की नाही येत लवकर. म्हणून ही संध्याकाळची जादा. ही काय करते सांगू? हाडाच्या आत ना, एक हाक असते. म्हणजे एक छोटासा रेणू हो. तो सारखा म्हणत असतो, घरात बसा, घरात बसा. पेशी ऐकतात बिचाऱ्या. ही सुई त्यांच्या कानात बोळे घालते. मग त्या बाहेर पडतात रक्तात, आणि उद्या सकाळी आमचं मशीन त्यांना गोळा करतं. तुमच्या बहिणीला द्यायला. कळलं का?”

“कळलं,” मोठी म्हणाली.

आणखी काय म्हणणार? ज्या रेणूची गोष्ट ही बाई लहान लेकराला सांगावी तशी सांगत होती, त्या एका रेणूपायी मोठीचे केस पांढरे झाले होते. प्रयोगशाळेतली पोरं तिला पाठीमागे हाकबाई म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. पूर्वीची मोठी असती तर तिने पदराआडची शिदोरी सोडावी तसं सगळं ज्ञान तिथल्या तिथे सोडलं असतं: बाई, या रेणूच्या कुळाला केमोकाइन म्हणतात, माणसाच्या अंगात अशी चाळीसेक भावंडं आहेत, तुमच्या त्या बोळ्याचा आकार कसा आहे सांगू का. पूर्वी ती लिफ्टमध्ये भेटलेल्या माणसालाही सांगायची. पण एकदा, जिथे सांगू नये तिथे, ज्या घटकेला सांगू नये त्या घटकेला तिने ते सांगितलं होतं, आणि तेव्हापासून या विषयावर कुणी तिला काही समजावू लागलं की ती मान हलवून कळलं म्हणे.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. पोटावर सुईची जागा चुरचुरत होती. मोठीने डोळे मिटले. इतरांना डोळे मिटल्यावर माणसांचे चेहरे दिसत असतील; तिला तो रेणू दिसे. सत्तरेक मण्यांची माळ. सुरुवातीचं टोक मोकळं, खुंटीवरून लोंबणाऱ्या दोरीसारखं. मग एक सैल वळसा. मग तीन पट्ट्या एकमेकींना लागून, कागदी पंख्याच्या घड्यांसारख्या. आणि त्यांच्यावर तिरपा पडलेला शेवटचा पिळा, दाराला लावलेल्या अडसरासारखा. एवढासा जीव, पण सहजी उलगडत नाही, कारण त्याला आतून गंधकाचे दोन टाके घातलेले असतात. मोकळ्या टोकाच्या मुळाशी गंधक बाळगणारे दोन मणी बसतात, त्यांना सिस्टीन म्हणतात. काही केमोकाइनांत ते दोघे खेटून असतात. तिच्या रेणूत मात्र दोघांच्या मध्ये एक तिसराच मणी असतो. लहानपणी एका पलंगावर तिघी निजत: भिंतीकडे धाकटी, दाराकडे मोठी, मध्ये आई. धाकटीचा पाय आईच्या अंगावरून मोठीला लागे, मोठी तो चिमटा काढून परत पाठवी, आणि आई झोपेतच दोघींच्या हातांवर एकेक चापट मारी. हे दोन सिस्टीन एवढे जवळ, पण एकमेकांना बांधलेले नसतातच. पहिल्याचा टाका दूर तिसऱ्याला, दुसऱ्याचा आणखी दूर चौथ्याला. तरुणपणी हे प्रथम वाचलं तेव्हा तिला वाटलं होतं, काय त्या विधात्याचं शहाणपण! दोन धागे ओढले नि अख्खी माळ जागच्या जागी घट्ट. आता वाटे, हा कसला कारागीर, दोघींना शेजारी बसवतो आणि बांधतो भलत्याच कुणाला. एकीला नवऱ्याच्या घराला, एकीला काचेच्या नळ्यांना.

आणि ते मोकळं टोक. सगळी हाक त्या टोकात असते. रेणूचं धड पेशीच्या रिसेप्टरला, म्हणजे तिच्या कानालाच म्हणा, नुसतं टेकतं. टोक आत शिरतं तेव्हा पेशी जागी होते. रक्तात एक कातरी फिरत असते, तिने या टोकाचे पहिले दोन मणी छाटले की संपलं. रेणू दिसायला तोच, घड्या त्याच, टाके तेच, पण हाकेतला जीव गेलेला. सहा वर्षांत धाकटीने तिला एकच निरोप लिहून पाठवला होता, तोही हा रक्ताचा कर्करोग झाल्यावर. ‘रक्त जुळतं का बघायला येशील का? डॉक्टर विचारतात.’ मोठीने तो चालत्या बसमध्ये वाचला, प्रयोगशाळेत वाचला, न्हाणीघरात उभं राहून वाचला. वाक्य धाकटीचंच होतं, त्यातला ताठाही तिचाच. सुरुवातीचे शब्द तेवढे छाटलेले होते.

रक्त जुळलं. जुळणारच, एका आईच्या ना. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढून आनंदाने सांगितलं, “अगदी शंभर टक्के, मॅडम! भावंडांत इतकं जुळेल याची खात्री नसते.” मोठीच्या ओठावर आलं होतं, कशात जुळलं तेवढं बघा, बाकी काही तपासू नका. धाकटीने होकार दिला, पण अट घातली. ती अट सांगायला तिची मुलगी आली. भाची नुकती नोकरीला लागलेली, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच लटकलेलं, बोलताना त्याची दोरी बोटाला गुंडाळत होती. “मावशी, आई म्हणते, पेशी डॉक्टरांनी मागितल्यात, मी नाही मागितल्या. नि ती... म्हणजे तू, खोलीत यायचं नाहीस.” मोठी म्हणाली, “बरं.” त्या ‘बरं’चा कडवटपणा आठवडाभर तिच्या जिभेवरून जात नव्हता, चहा प्यायली तरी कडू, पाणी प्यायली तरी कडू. बाईसाहेबांच्या हाडाच्या गाभ्यात मी चालते, खोलीत चालत नाही. वर्षभरात तिच्या नसानसांतून माझं रक्त धावेल, तिचा रक्तगटसुद्धा पालटून माझा होईल, खरचटलं तर माझं रक्त येईल. पण पलंगाशेजारच्या स्टुलावर माझं बूड टेकलं की विटाळ होतो!

बस सिग्नलला थांबली. शेजारच्या इमारतीच्या जिन्यात दिवा लागला आणि कुणीतरी धावत वर जाताना दिसलं, एकेका मजल्याच्या खिडकीत एकेकदा. त्यांच्या घरालाही असाच जिना होता. आई संध्याकाळी दारात उभी राहून एक लांब सूर काढायची, “पोरींनोऽ”. वेगळी वेगळी नावं घ्यायची नाही. दोघींना मिळून एक हाक, एका डब्यात दोघींचं खाणं द्यावं तशी. तो सूर जिन्याच्या भिंतींना लागत लागत खाली यायचा, खालच्या पायरीशी पुसट, वर वर दाट. एकदा दिवे गेले होते तेव्हा दोघी एकमेकींचा हात धरून, डोळ्यांना काही दिसत नसताना, नुसत्या त्या दाटपणाच्या मागे वर गेल्या होत्या. प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी सरांनी फळ्यावर रक्तवाहिनी काढली आणि सांगितलं की केमोकाइन प्रवाहात नुसतं सोडलं तर वाहून जाईल, म्हणून ते वाहिनीच्या आतल्या साखरेच्या लवीला चिकटून राहतं, आणि पेशी कुठल्या अंगाला ते दाट लागतंय हे चाचपत जाते. वर्गातली बाकीची मुलं वहीत उतरवून घेत होती; मोठीचे डोळे भरून आले होते. जन्माचा धंदा असाही ठरतो. जिन्याच्या भिंतीला चिकटलेली आईची हाक तिला फळ्यावर दिसली, एवढंच झालं. पुढे कळत गेलं की अंगातलं किती काय या हाकांवर चालतं. गर्भात बाळाला अजून चेहरा नसतो तेव्हाच पेशी हाकेसरशी आपापल्या जागी चालू लागतात. बोटाला काटा लागला की तिथून हाक उठते, पांढऱ्या पेशी रक्तातून घरंगळत येतात, अडखळतात, थांबतात, आणि अंग चोरून भिंतीतून बाहेर पडतात. पू म्हणजे दुसरं काय? हाकेला ओ देऊन आलेले आणि परत न गेलेले. आणि त्याच हाकेमागून चोरही येतो. धाकटीच्या रक्तातल्या बिघडलेल्या पेशी त्याच आवाजाचा माग काढत हाडात जाऊन बसल्या होत्या, घरच्यासारख्या, पाय पसरून. हाक चोर-सावात भेद करत नाही. आईही करत नसे. पलंगाखाली लपवलेल्या वस्तूंची चोरी कुणाची हे तिला नेहमी कळायचं, पण हाक दोघींना सारखीच यायची.

आई अंथरुणाला खिळली ती धाकटीकडे. धाकटीचं घर मोठं, तिच्या नवऱ्याचा स्वभाव गरीब, आणि मोठीचं घर म्हणजे एक खोली, एक टेबल नि खिडकीत सुकलेलं झाड. तेव्हापासून फोन सुरू झाले. ताई, ऐक ना, आईला ताप आहे. मोठी धावत गेली. ताई, ऐक ना, आई जेवत नाही. गेली. ताई, ऐक ना, आई तुला विचारतेय. गेली तर आई घोरत होती, आणि धाकटी म्हणाली, “आता झोपली. मघाशी विचारत होती.” ताई, ऐक ना, टीव्हीचा रिमोट चालत नाहीये, आई चिडलीय, सेल कुठले लागतात? शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोठी सेल घेऊन गेली होती, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारे सेल. हे मात्र धाकटी कुणाला सांगत नाही. दिवसातून एक फोन होता त्याचे चार झाले, मग आठ. त्यात खरे किती आणि ‘मी एकटी मरतेय इथे’ हे ऐकवण्यासाठी किती, ते देव जाणे. मोठी दचकेनाशी झाली. फोन टेबलावर पालथा ठेवू लागली. मग खणात ठेवू लागली. खणात तो माशीसारखा गुणगुणे आणि ती पेशी मोजत बसे. तिच्या प्रयोगाचं भांडं म्हणजे दुमजली पेला. वरच्या मजल्यावर पेशी, मध्ये बारीक भोकांचा पडदा, खाली केमोकाइनचं पाणी. खाली थोडं घातलं तर थोड्या पेशी पडद्यातून उतरतात, अधिक घातलं तर अधिक. वाढवत जा, वाढवत जा, आणि एका जागी आलेख वाकतो. आणखी घातलंत तर उतरणाऱ्या पेशी कमी होतात, शेवटी कुणीच हलत नाही. कारण हाक फार दाट झाली की पेशी आपले कान आत ओढून घेते. खरोखरच ओढते, कातडीवरचे रिसेप्टर पोटात घेते आणि बहिरी होऊन बसते. या वाकलेल्या रेषेवर मोठीचं नाव झालं होतं. परदेशी लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या त्या रेषेला.

शेवटच्या दुपारीही फोन खणात गुणगुणत होता. तिला तो ऐकू आला, नाही असं नाही. तिने मनात म्हटलं, सेल असतील. पेशी मोजून झाल्या, पेला धुऊन झाला, हात पुसून खण उघडला, तोवर आईला विचारायचं होतं ते विचारून झालं होतं आणि आई निघून गेली होती.

त्यानंतरच्या आठवड्यात, धाकटीच्या स्वयंपाकघरात, पाहुणे पांगल्यावर, दोघीच उरल्या. धाकटी ताटं पुसून रचत होती. पाठमोरीच म्हणाली, “फोन का उचलला नाहीस, ताई?” आता इथे माणूस काय म्हणतं? चुकलं म्हणतं. रडतं. काही सुचत नसेल तर दुसरं फडकं घेऊन ताटं पुसू लागतं. मोठी सिंकला टेकून उभी होती, आठ दिवसांत तिला धड झोप नव्हती, आणि डोक्यात जे एकच खरं, एकच पक्कं, मोजून पाहिलेलं असं होतं ते तिच्या तोंडून बाहेर आलं.

“सारखी हाक आली ना, की पेशी रिसेप्टर आत ओढून घेते. हाक दाट झाली की ऐकूच येत नाही तिला. तो पेशीचा दोष नसतो गं. मोजून दाखवता येतं.”

धाकटीच्या हातातलं ताट तिथल्या तिथे गोल फिरत राहिलं. कधीच कोरडं झालं होतं.

“म्हणजे मी हाका जास्त मारल्या.”

“तसं नाही म्हणत मी.”

“तसंच म्हणतेयस. आई मरत होती नि मी हाका जास्त मारल्या. बरं झालं सांगितलंस. किती मारल्या तेही मोजलं असशील.”

“अगं, उदाहरण दिलं मी.”

“हे उदाहरण तिला ऐकवायचं होतंस. शेवटपर्यंत विचारत होती, मोठी कुठे अडकली म्हणून. मी काय सांगू? कान आत ओढून बसलीय म्हणू?” आणि ताट रचावर ठेवताना आवाजही न करता ती म्हणाली, “आता निश्चिंत राहा हो. पुन्हा नाही मारणार मी हाक.”

नाही मारली. धाकटी शब्दाची पक्की, लहानपणी कट्टी घेतली तर पंधरा दिवस टिकवायची. पहिल्या वर्षी मोठीला वाटलं, आठवड्याभरात येईल फोन. दुसऱ्या वर्षी तिला राग आला. मी चुकीचं काय बोलले? रेषा वाकतेच ना? पुन्हा प्रयोग केला, पुन्हा वाकली. तिसऱ्यांदा एका नव्या मुलीकडून करून घेतला, तिच्याही हाती वाकली. प्रयोगशाळेत जे उत्तर निर्दोष होतं ते स्वयंपाकघरात कसं कुजलं, हे तिला कुठल्याही मापाने कळेना. पेशीचा एक गुण मात्र तिने कधी कुणाला सांगितला नाही: भवतालची हाक थांबली की काही वेळाने ओढलेले कान पुन्हा बाहेर येतात. मोठीचे आले. घरी पोचल्यावर रोज किल्ली ठेवण्याआधी ती फोन पाही. आवाज वाढवून वाढवून इतका ठेवला होता की कुणाचाही फोन आला तरी शेजारीण भिंतीवर थाप मारी.

सकाळी मशीनजवळच्या खुर्चीत तिला आडवं केलं. दोन्ही कोपरांत जाड सुया. एका हातातून रक्त निघून मशीनमध्ये जातं, तिथे गरगर फिरतं, हव्या त्या पेशी पिशवीत उतरतात, उरलेलं दुसऱ्या हातातून परत येतं. हात हलवायचे नाहीत. ओठांना मुंग्या येत होत्या, मशीन जात्यासारखं घरघरत होतं, आणि वर टांगलेल्या पिशवीत पातळ विटकरी रंगाचं काहीतरी जमत होतं. काल कानात बोळे घालून घराबाहेर काढलेली मंडळी. मोठी त्यांच्याकडे बघत राहिली. आयुष्यभर तिने या पेशी दुसऱ्यांच्या अंगातून आलेल्या, नळीत बंद, पाहिल्या होत्या. आपल्या अशा पहिल्यांदाच भेटत होत्या, आणि त्या दिसायला फार साध्या होत्या.

“मावशी, नाक खाजवू का तुझं? केव्हाची तोंड वेडंवाकडं करतेयस.” भाची आली होती.

“खाजव. डावीकडे. अजून वर. हं.”

भाचीने नाक खाजवलं, मग तिथेच उभी राहून ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळू लागली. “आईने एक विचारायला सांगितलंय. रागावू नकोस हं. तिचेच शब्द सांगते.”

“सांग.”

“म्हणाली, विचार तुझ्या मावशीला, ह्या पेशी तिच्याच ना? मग हाकेला येतील का त्या? की त्यांचेही कान आत ओढलेले?”

मशीनवरची मुलगी आकडे पाहण्याचं सोंग करत ऐकत होती. हे तिचं तिलाच भयंकर वाटलं, पण मोठीच्या मनाने आधी दाद दिली: काय प्रश्न विचारलाय धाकटीने! सहा वर्षं ते एक वाक्य जपून, त्याला धार लावून, बरोबर जागेवर टोचलं होतं, आणि वर प्रश्न म्हणून तो अस्सल होता. ज्या पेशींचे कान काल मुद्दाम बंद केले, त्यांना आज हाडाची हाक कशी ऐकू येणार? तिच्या विद्यार्थ्यांपैकी एकालाही हे सुचलं नसतं. आणि याचं उत्तर मोठीकडे होतं. बोळा कायमचा नसतो, तो धुऊन निघतो. कान शाबूत असतात. शिवाय धाकटीच्या हाडांतलं होतं नव्हतं ते औषधांनी जाळून काढलेलं, घर रिकामं, आणि रिकामं झालेलं हाड तो रेणू अधिक सोडतं, रिकामं घर भरल्या घराहून मोठ्याने हाक मारतं. आलेखसुद्धा डोळ्यांपुढे उभा राहिला. “हे बघ,” तिने सुरुवात केली, “त्या औषधाचा परिणाम जो असतो...” आणि तिला ते गोल फिरणारं कोरडं ताट दिसलं.

“येतील म्हणावं,” ती म्हणाली.

“एवढंच?”

“एवढंच.”

“बघ हं. आई म्हणाली होती मावशी भाषण देईल. मी म्हटलं नाही देणार. पैज लागली होती आमची.”

“मग हरली ती.”

“हो ना. पहिल्यांदाच.” भाची हसली, आणि मोठीला तिच्या गालावर आपल्या आईची खळी दिसली, तीच, डाव्या बाजूची.

“विचार तिला,” मोठी म्हणाली, ओठांच्या मुंग्यांमुळे शब्द जाड येत होते, “पेशी देतील तेव्हा मी वर येऊ का. आत नाही. काचेपाशी.”

भाचीने मान खाली घातली. “विचारते,” म्हणाली. कुठलीच आशा नसलेल्या माणसाने देवळासमोरून जाताना हात जोडावेत तसं.

दुपारी पिशवी खोक्यात घालून वर नेली. मोठी तळमजल्यावरच्या बाकावर बसली. दोन्ही कोपरांवर पट्ट्या करकचून बांधलेल्या, हात वाकत नव्हते. चहाचा कप तोंडापर्यंत नेता येईना, म्हणून चहा तसाच साय धरून निवला. घरी जायला हरकत नाही असं सांगितलेलं होतं. ती उठली, लिफ्टपर्यंत गेली, परत आली. दारापर्यंत गेली, परत आली. दुमजली पेल्यात खाली-वर सारखंच केमोकाइन घातलं की पेशी अशाच वागतात. खूप हलतात, तडफडल्यासारख्या. पोचत कुठेच नाहीत. बाक, लिफ्ट, दार, बाक. वर आता पिशवी टांगली असेल. थेंब थेंब नळीत उतरत असेल. नळीतून शिरेत, शिरेतून काळजात, फुप्फुसांना वळसा घालून परत काळजात, आणि तिथून साऱ्या अंगभर, जशी वाट फुटेल तशी. कुणी त्यांना पत्ता दिलेला नाही. बरगडीतल्या, कमरेतल्या, पाठीच्या मणक्यातल्या बारीक वाहिनीशी आल्या की भिंतीला चिकटलेलं काहीतरी त्यांना लागेल, पुसट, मग दाट, मग आणखी दाट. थांबतील. अंग चोरून आत शिरतील. दार वाजवणार नाहीत, येऊ का म्हणून विचारणार नाहीत, कट्टी आहे की दोस्ती याची चौकशी करणार नाहीत. उद्या-परवापर्यंत बसतील सगळ्या आपापल्या जागी. मग वाट बघायची, पंधरा दिवस, तीन आठवडे. रुजल्या तर धाकटी जगेल. रुजतील. रुजायलाच हव्यात. देवा, मला वर नको जाऊ देऊस, त्यांना जाऊ दे, असं मोठी बाकावर बसून मनात म्हणाली, आणि लगेच तिला स्वतःच्या मोठेपणाचा संताप आला. खोटं आहे. मला वर जायचंय. त्यांच्याआधी जायचंय.

लिफ्ट उघडली, भाची आली. डोळे सुजलेले पण चेहरा हसरा.

“चालू झालं, मावशी. एवढंसंच असतं गं ते! मला वाटलं ऑपरेशनसारखं काहीतरी असेल. नुसती पिशवी टांगली, झालं.”

“ती कशी आहे?”

“पडलीय. वेडीच आहे आई. पिशवी टांगली ना, तर तिच्याकडेच टक लावून बघत बसली. मग हात वर करून बोट लावलं पिशवीला, असं.” भाचीने मोठीच्या पट्टीवर बोट टेकवलं. “म्हणाली, ताई, ऐक ना. ये आता.”

मोठीच्या कानात सूं झालं.

“पिशवीला गं,” भाची घाईने म्हणाली. “पिशवीला म्हणाली. बाबा हसले, नर्स हसली, मग तीही हसली. किती दिवसांनी हसली.”

मोठी उभी राहिली. उभं राहिल्याचं तिला नंतर कळलं. हात दोन काठ्यांसारखे बाजूला, पाय आपोआप लिफ्टकडे वळलेले. “मग येऊ मी?”

भाचीने तिची बाही धरली, अगदी हलकी, दोन बोटांनी. “मावशी, विचारलं मी. आत्ता, ती हसत होती तेव्हाच विचारलं, म्हटलं आता नाही कसं म्हणेल.” तिने बाही सोडली नाही. “म्हणाली, आली तेवढी पुरे.”

भाची वर गेली. संध्याकाळ होत आली. भेटायला आलेली माणसं डबे नि थर्मास घेऊन लिफ्टमधून बाहेर पडू लागली, दिवे लागले, फरशी पुसणाऱ्या बाईने बाकाखालून ओलं फडकं फिरवलं तेव्हा मोठीने पाय वर घेतले आणि पुन्हा खाली ठेवले. दारावरचा रखवालदार खुर्च्या सरळ करत करत तिच्यापाशी आला.

“बाई, भेटायची वेळ संपली. दार लावायचंय.” तिने ऐकलं नाहीसं वाटून तो थोडा वाकला. “कोण आहे तुमचं वर?”

“मी आहे,” मोठी म्हणाली.

रखवालदाराने तिच्या दोन्ही कोपरांवरच्या पट्ट्यांकडे पाहिलं, निवलेल्या चहाकडे पाहिलं, तिच्या तोंडाकडे पाहिलं. माणूस कनवाळू असावा. या जागेत त्याने बरंच काही ऐकलेलं असणार.

“तुम्ही वर आहात,” तो समजुतीच्या सुरात म्हणाला, “मग इथे खाली काय करताय?”

आणि तिला बाकावरची आपली कापडी पिशवी उचलून खांद्याला लावता येईना, म्हणून त्याने ती लावून दिली, आणि दार अर्धवट उघडं धरून उभा राहिला.